पाळ्या लाव

बाळा,

काल धर्मशाळेच्या जिन्यात तू म्हणालीस, "काकूला नको बोलवायला, तिला फीड देता येत नाही." रात्री अंथरुणावर पडले तरी ते डोक्यातून जाईना. एम.एस्सी. सोडू का, हा तुझा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. सोडू नकोस. पण आधी काकूला बोलाव. पाळ्या लाव.

बाबांच्या कॅन्सरच्या रेडिएशनचे अजून चार आठवडे आहेत. सोमवार ते शुक्रवार दादरहून परळच्या हॉस्पिटलात आणि परत. दर दोन-अडीच तासांनी नाकातल्या नळीतून फीड, मधे मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री चिकट लाळ घशात अडकली की उठून त्यांना बसवायचं. हे एकटीनं ओढायचं काम आहे का? आणि काकूला न जमण्यासारखं यात आहे काय? नळीवरची खूण नाकपुडीशी जागेवर आहे ना ते बघायचं, बाबांना बसतं करायचं, पन्नास मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून गाळलेली पेज आपसूक उतरू द्यायची, जोर लावायचा नाही, शेवटी थोडं पाणी सोडायचं, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. सिस्टरनी तुला हे किती वेळात शिकवलं होतं, आठव जरा.

रागावू नकोस. ह्यांच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर अकरा महिने त्या नळीला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. नणंद नगरहून आली होती, दोन महिने राहायच्या तयारीनं. चौथ्या दिवशी तिला परत पाठवलं. का, तर एकदा तिनं पेज नीट गाळली नाही आणि नळी तुंबली. मुलगा दहावीला होता. तो बाबांजवळ येऊन बसला की मी त्याला उठवायची, अभ्यास कर म्हणायची. आज तो तिशीत आहे. "बाबांचं काही करायला तू मला दिलंच नाहीस," म्हणतो. मी गप्प बसते.

खरं सांगू? ते घ्यायचेच माझ्या हातून. दुसरं कुणी आलं की मान फिरवायचे. मग काय उपाशी ठेवायचं होतं त्यांना? नणंद संध्याकाळी निघून गेली असती तर रात्री कोण होतं? हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण नणंद दोन महिने राहणार होती. आठवड्याभरात त्यांनी तिच्याही हातून घेतलं असतं. मी तो आठवडा दिलाच नाही.

इथे स्वयंसेवक म्हणून यायला लागल्यावर एक प्रश्नावली वाचनात आली. कर्करोगाच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या घरच्यांसाठी १९९९ साली अमेरिकेत केलेली, ३५ प्रश्नांची. झोप, पैशाची ओढाताण, मोडलेला दिनक्रम, अपराधी वाटणं, आजारी माणसाशी जवळीक वाढली का, हेसुद्धा. माझ्या अकरा महिन्यांची उत्तरं मनातल्या मनात द्यायला बसले आणि झोपेपाशीच अडले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या देखभालीची, व्याख्या केली, तिच्यातही रुग्णाच्या बरोबरीनं कुटुंबाचं जगणं आहे. तू त्या कुटुंबात येतेस. नुसती बाबांच्या फायलीमागे धावणारी नातेवाईक नाहीस.

भाऊ पुण्याहून पैसे पाठवतो, म्हणजे त्याचं झालं, असं तू धरून चालली आहेस. कोणी ठरवलं? शनिवार-रविवार रेडिएशन नसतं. ते दोन दिवस त्याचे. त्यालाही बाबांच्या उशाशी बसायचं असेल, तू विचारलंयस कधी?

आजच काकूला फोन कर. पहिली दोन फीड तिला तुझ्या देखत देऊ दे. तिसऱ्याला खोलीत थांबू नकोस, दाराआडही नको. खाली ये. मी बाकावर बसलेली असेन, डबा आणते.

तुझी,
मावशी