एकच रेप्लिका असताना सिंक्रोनस रेप्लिकेशन सुरू करावे का?

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या प्रायमरी (मुख्य) सर्व्हरला एकच रेप्लिका, म्हणजे डेटाची प्रत ठेवणारा सर्व्हर, जोडलेली असेल तर रेप्लिकेशन सिंक्रोनस करावे का, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला रेप्लिकेच्या पोचेसाठी थांबवावे का, आणि रेप्लिकेसाठी बदलांच्या नोंदी राखून ठेवणाऱ्या स्लॉटची मर्यादा किती ठेवावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे.

मी एका पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळत होतो. ‘एकही व्यवहार गहाळ होता कामा नये’ असे सांगून बाहेरच्या सल्लागारांनी दुसऱ्या इमारतीतील एकमेव रेप्लिकेचे नाव ‘सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स’ या सेटिंगमध्ये घातले. ती रेप्लिका बंद पडली की प्रायमरीवरील प्रत्येक कमिट (व्यवहार कायम करण्याची क्रिया) तिच्या पोचेची वाट पाहत खोळंबेल, आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीच्या सेमी-सिंक्रोनस (अर्ध-सिंक्रोनस) पद्धतीत मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांनी जशी आपोआप सुटका होते तशी येथे होणार नाही, हे मी तेव्हाच लेखी कळवले होते. मार्चअखेरीस त्या इमारतीची वीज गेली आणि नेमके तेच घडले. खात्यांची शिल्लक दिसत होती, पण एकही नोंद पूर्ण होईना. ती सेटिंग रिकामी करून सर्व्हर बंद न करता सेटिंग्ज नुसत्या रीलोड केल्या असत्या तरी अडलेले व्यवहार मोकळे झाले असते; सल्लागारांनी प्रायमरीच रीस्टार्ट केला. पडद्यावर त्रुटी पाहून कर्मचाऱ्यांनी त्याच नोंदी पुन्हा केल्या आणि रेप्लिका परतल्यावर कित्येक भरणे खात्यांत दोनदा दिसू लागले. रेप्लिकेसाठी थांबलेला व्यवहार प्रायमरीच्या डिस्कवर आधीच कायम झालेला असतो, हे सल्लागारांनी लक्षातच घेतले नाही. अहवालात दोष पोस्टग्रेसला दिला गेला. तो मला आजही मान्य नाही, कारण पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात हे वर्तन स्पष्ट नमूद आहे.

सिंक्रोनस हवेच असेल तर दोन रेप्लिका घ्या आणि आवृत्ती 10 पासून मिळणारा ‘एनी 1’ हा पर्याय वापरा, म्हणजे दोहोंपैकी कोणा एकीची पोच पुरते. स्लॉटसाठी आवृत्ती 13 पासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ ही सेटिंग आहे; तिचे मूळ मूल्य -1, म्हणजे अमर्याद, असते आणि ते तसेच ठेवल्यास बंद रेप्लिकेसाठी साठणाऱ्या वॉल फायली (बदलांच्या नोंदींच्या फायली) प्रायमरीची डिस्क भरून टाकू शकतात. मर्यादा मोकळ्या जागेहून बरीच कमी ठेवा. ती ओलांडली गेल्यास बहुधा रेप्लिका नव्याने उभारावी लागेल, पण प्रायमरी चालू राहील.

व्यवहार गमावण्यापेक्षा कामकाज थांबलेले परवडते, असे ज्या संस्थेने जाणीवपूर्वक ठरवले आहे, तिला एकच सिंक्रोनस रेप्लिका ठेवता येईल. मात्र कमिटने पोचेसाठी थांबावे की नाही हे ठरवणारी ‘सिंक्रोनस_कमिट’ ही सेटिंग प्रत्येक व्यवहारापुरती वेगळी ठरवता येते, त्यामुळे लॉगच्या (कमी महत्त्वाच्या टिपणांच्या) नोंदींना ‘लोकल’, म्हणजे रेप्लिकेसाठी न थांबणारे मूल्य, द्यावे आणि पैशांच्या नोंदींनाच थांबायला लावावे. आमच्या सल्लागारांनी सरसकट सगळ्यांना एकच नियम लावला होता.