थंडीतले स्फटिक निळसर, मे महिन्यातले हिरवट, आणि स्पेक्ट्रम पिवळा: माझं उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डायफ्लोरोबोरॉन एव्होबेन्झोन या चमकणाऱ्या बोरॉन-संयुगाची जानेवारीतली खेप ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली निळसर चमकली, मे महिन्यातली हिरवट. बाहेरून मोजून आणलेल्या उत्सर्जनाच्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या रंगाचा प्रकाश किती, याचा आलेख) मात्र पिवळ्याकडे सरकलेला रुंद डोंगर निघाला. एनएमआर (रेणू बरोबर आणि शुद्ध आहे का, हे सांगणारी चाचणी) स्वच्छ आहे, तरी मार्गदर्शक म्हणतात माल अशुद्ध. तालुक्याच्या कॉलेजात बसून हे काम करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथंच अडते. संश्लेषण तुम्हाला जमतंय, ते सोडून देतो. तुमचे स्फटिक मी पाहिलेले नाहीत, तेव्हा पुढचं तेवढं गृहीत धरून वाचा.

माल बहुधा चांगलाच आहे. हा रेणू वेगवेगळ्या रूपांत स्फटिकतो आणि रूप बदललं की रंग बदलतो. शेजारचे दोन रेणू एकमेकांवर किती सरकून बसलेत, यावर सगळं ठरतं. रेणूचा संक्रमण-द्विध्रुव (प्रकाश शोषताना-सोडताना विद्युतभार ज्या दिशेनं हलतो ती रेघ) आणि रचण्याची दिशा यांच्यातला कोन ५४.७ अंशांहून मोठा असेल तर एच पद्धतीची रचना होते (शोषण निळ्याकडे सरकतं), लहान असेल तर जे (शोषण लालीकडे). वरून ३.३ ते ३.८ अँगस्ट्रॉमवर तोंडाला तोंड लावून जोडी बसली की एक्सायमरसारखा (दोन रेणू मिळून उत्तेजित होतात तसा) रुंद, लालीकडे झुकलेला पट्टा मिळतो. क्रिस्टल इंजिनीअरिंग म्हणजे ही बैठक आपल्या हातात घेणं.

पण पिवळा डोंगर यातून आलेला नाही असं माझं मत. तो खलबत्त्यातून आलाय, म्हणजे मोजण्याआधी नमुना घोटल्यामुळे.

या संयुगाला नुसतं घासलं तरी उत्सर्जन लालीकडे सरकतं आणि ठेवून दिलं की आपोआप परत येतं. गरम केलं तर लवकर. गंमत अशी की घोटलेल्या पुडीचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची जाळी तपासणारा आलेख) काढला तर तो बऱ्यापैकी स्फटिकीच दिसतो. बिघडलेली जागा थोडीच असते, पण तिची ऊर्जा-पातळी खाली असल्यानं आजूबाजूची सगळी उत्तेजित ऊर्जा तिकडं वाहत जाते. धुऱ्यावर एक भोक पडलं की अख्ख्या बांधीतलं पाणी तिथूनच जातं, तसं.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं. एका उपकरण केंद्रानं नमुना न विचारता घोटला, अर्जात तशी नोंद करायला रकानाच नव्हता, आणि विचारल्यावर ‘पद्धत अशीच आहे’ एवढंच उत्तर. फी मात्र आगाऊ. असो.

त्यांचीही बाजू आहे म्हणा. चपटे स्फटिक न घोटता पसरले तर सगळे एकाच अंगावर झोपतात आणि एक्सआरडीतल्या पट्ट्यांच्या उंच्या खोट्या येतात. म्हणून स्फटिक ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरच्या काचेच्या केशनळीत भरून फिरवत मोजायला सांगा. सीआयएफवरून (स्फटिक-रचनेची फाइल) मर्क्युरी या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आकृतीशी जागा जुळवा, उंचीवर भांडू नका. रचना १०० केल्व्हिनला (उणे १७३ अंश सेल्सिअस) काढलेली असेल तर जाळी आकसलेली असते, त्यामुळे तिचे पट्टे मोठ्या कोनाकडे सरकलेले दिसतील. ते वेगळं रूप नव्हे. खोलीच्या तापमानाला फक्त युनिट सेल (जाळीच्या सगळ्यात लहान घराची मापं) काढून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि एकाच बाटलीत दोन रूपं सोबत उगवतात, हे विसरू नका. सुंदर म्हणून उचललेला एक स्फटिक रचनेला जातो, बाकीचा ढीग स्पेक्ट्रमला, आणि मग दोघांचं लग्न लावलं जातं. टॉर्चखाली सुईनं रंगवार वेगळे करा. ज्या स्फटिकाची रचना काढायची, त्याचंच उत्सर्जन आधी क्वार्ट्झच्या दोन पट्ट्यांत ठेवून मोजा, न दाबता. जाड स्फटिक स्वतःचाच निळा भाग गिळतो, म्हणून पातळ घ्या.

आता मे महिना. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं; आपल्याकडं दुपारी खोलीच त्याच्या पुढं असते. तिथं हळूहळू बाष्पीभवन कसलं? भराभर उडालं की बहुतेक वेळा अस्थिर रूप आधी येतं. इथाइल ॲसिटेट घ्या. १० मिलिग्रॅम २ मिलिलिटरमध्ये विरघळवा, ०.४५ मायक्रॉननं गाळा, छोटी बाटली उघडी ठेवून ५-६ मिलिलिटर हेक्झेनच्या मोठ्या बाटलीत उतरवा, झाकण घट्ट. ही जोडी पाण्यानं भरलेल्या गंजात आणि तो गंज थर्माकोलच्या पेटीत. लोडशेडिंग झालं तरी गंजातलं पाणी तापमान फार हलू देत नाही. फ्रीज मात्र वीज गेली-आली की वरखाली होतो, आणि बारीक स्फटिक विरघळून पुन्हा बसतात. कूलरसमोर ॲसिटोन उघडं ठेवू नका. ते पाणी ओढतं.

हवं ते रूप एकदा मिळालं की त्याचे दोन-चार दाणे बीज म्हणून जपा आणि पुढच्या खेपेला संतृप्त द्रावणात एकच टाका. ज्यांत दुसरं रूप उगवलं ती काचेची भांडी या कामाला वापरू नका.

कुरिअरनं पाठवताना स्फटिक मूळ द्रावणातच बुडवून, बाटली वर थोडी जागा सोडून भरून, पॅराफिल्म लावून द्या. कोरडे पाठवले तर उन्हातल्या गाडीत स्फटिकाच्या जाळीत अडकलेला द्रावक, असला तर, निघून जातो, आणि पोहोचतो तो वेगळाच पदार्थ. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत: ‘घोटू नये’. फोनही करा, चिठ्ठी कुणी वाचत नाही.