लातुरात आमच्या घराशेजारच्या प्लॉटवर ग्रील-वेल्डिंगचं वर्कशॉप सुरू झालंय. रहिवासी भागात हे चालतं का?

सगळंच बंद पाडता येत नाही, हे आधी सांगतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रहिवासी भागातही दवाखाना, किराणा, पिठाची गिरणी अशा गोष्टी अटींवर चालतात. म्हणून भांडायला जाण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या प्लॉटचा झोन दाखला काढा आणि मंजूर वापर काय आहे ते बघा. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर परवानगीची प्रतही मागता येते.

घराची परवानगी घेऊन कारखाना चालवला असेल, तर 1966 च्या नगररचना कायद्याने तो विनापरवाना वापरबदल होतो आणि महापालिका नोटीस देऊ शकते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं साहेबाच्या टेबलावरच विरून जातं! गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्या असल्या तर बरं.

आवाजाचं वेगळं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल; रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. रात्री ग्राइंडर चालला की सरळ 112 लावा.