आधी तो नकाशा बोटांनी पाहा

ऐरोलीच्या एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी अल्पदृष्टी असून बारावी कला शाखेत तिला 74 टक्के गुण आहेत. अंध मैत्रिणीसाठी लोकर, काड्या आणि फेविकॉल वापरून ऐरोली स्थानकाचा उठावाचा, म्हणजे बोटांनी चाचपून वाचायचा, नकाशा करण्यात तिने परीक्षेआधीचे दोन रविवार घालवले आणि आता तिला हेच काम शिकायचे आहे. तिला बँकेच्या परीक्षेकडे कसे वळवावे, असे वडील विचारतात.

मला गुणांची नव्हे, तुमच्या एका वाक्याची काळजी वाटते: ‘जिला स्वतःलाच धड दिसत नाही, ती इतरांसाठी चित्रे काय काढणार?’ हे तुम्ही तिच्यासमोर बोलला असाल, तर त्याने दोन रविवारांहून अधिक नुकसान केले आहे. उठावाचे चित्र शेवटी बोटांनीच तपासायचे असते. रबराच्या पाटावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने रेघ ओढली, की ती तिथल्या तिथे उठते. त्यामुळे काढणारी व्यक्ती पूर्ण अंध असली, तरी आपली चूक तिला काढता काढताच सापडते.

‘आता संगणक ही चित्रे आपोआप छापतो’ हा तुमचा समजही अर्धाच खरा आहे. स्वेल पेपर या खास कागदावर काळी आकृती छापून तो तापवला, की काळ्या रेषा फुगतात, आणि तीच फाईल पाठवली, तर ही सोय असलेल्या दुसऱ्या गावच्या शाळेतही ती आकृती निघते. पण पुस्तकातली हृदयाची आकृती जशीच्या तशी फुगवली, तर रक्तवाहिन्या आणि नावांकडे जाणाऱ्या रेघा बोटाला सारख्याच लागतात आणि हाताखाली नुसता गुंता उरतो. ब्रेलच्या एका अक्षरातील शेजारच्या ठिपक्यांत सुमारे 2.5 मिलिमीटर अंतर असते. त्याहून जवळच्या रेषा वेगळ्या ओळखणे कठीण जाते. काय गाळायचे, कशाला कोणता पोत द्यायचा, हे माणसालाच ठरवावे लागते. मुलीने रुळांना लोकर आणि जिन्याला काड्या लावल्या, पण ‘स्थानकातली दुकाने दाखवलीच नाहीत’, अशी तुमची तक्रार आहे. मला तर तिथेच तिची समज दिसली.

बँकेची परीक्षा पदवीनंतरही देता येते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी 1 टक्का जागा राखीव असतात. केवळ उठावाच्या चित्रांवर पगार देणाऱ्या जागा थोड्या आहेत, म्हणून पदवीनंतर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले विशेष शिक्षणाचे बी.एड. तिने करावे.

पुढचे पत्र मात्र तिला लिहू द्या. मैत्रिणीने नकाशा पहिल्यांदा चाचपला तेव्हा तिचे बोट कुठे अडले आणि त्यानंतर हिने त्यात काय बदलले, एवढेच तिने कळवावे.