दोन वर्षांचं मूल ओ देत नाही: पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका असलेल्या लहान मुलांबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ही उत्तरे एकत्र.

मुलगा २२ महिन्यांचा, एकही शब्द नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. थांबू का?

मुळीच नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बेरा ही ऐकण्याची तपासणीही करून घ्या. कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणजे बोलणं नीट ऐकू येतं, असं नाही.

घरात मराठीऐवजी फक्त इंग्रजी बोलू का?

नको. ज्या भाषेत लाड करता, तीच बोला.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आहे. घरी मी चित्रं दाखवून ‘हे काय?’ विचारते, तो पळून जातो.

पळणारच, कारण ती परीक्षा झाली. प्रश्न बंद करा. टीव्ही बंद, समोर दोनच खेळणी, आणि तुम्ही जमिनीवर त्याच्या नजरेच्या पातळीवर. तो गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवा. तो बघेल तेव्हा एकच शब्द: ‘गोल!’ मग गप्प राहा, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक पालक इथेच चुकतात. दुसऱ्याच सेकंदाला पुन्हा बोलतात आणि मुलाची पाळी येतच नाही.

चुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा. त्याने तुमचा हात ओढला, नुसतं पाहिलं, तरी ते मागणंच आहे. ‘दे’ म्हणा आणि लगेच द्या. ‘आधी बोल, मग देईन’ ही अडवणूक करू नका. त्यातून फक्त आक्रस्ताळेपणा वाढतो. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आंघोळ आणि जेवणातही. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून थेरपिस्टसोबत बघा. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना असेच व्हिडिओ दाखवून शिकवलं, आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. थेरपी सेंटर तुम्हाला दाराबाहेर बसवून ठेवत असेल, तर आत बसू द्या म्हणून आग्रह धरा.

मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाही.

बंद करा, खाणं फारच कमी झालं तर डॉक्टरांना विचारा.

एक क्लिनिक स्टेम सेलने (मूळ पेशी टोचून) बरं करतो म्हणतं. पैसे भरू का?

एक रुपयाही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हे उपचार करू नयेत, असं स्पष्ट केलं आहे. त्याऐवजी जिल्ह्याच्या शासकीय डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्रात जा. तिथे तपासणी मोफत होते. तारीख लांबची मिळाली तरी बरणी आजच भरा.