पहिला दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकास

लेखकांना निमंत्रणाची पत्रे तुम्ही वैशाखातच धाडावीत, कारण आपले लेखक ‘लिहितोच आहे’ असे गणपतीपर्यंत सांगत राहतात आणि छापखान्यात फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, यंत्रावर चढू लागले की, ऐन पितृपक्षात, कथा पाठवतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हाही याहून वेगळे घडत असेल असे मला वाटत नाही. आलेला मजकूर मात्र जसाच्या तसा छापू नये, ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी सविस्तर चर्चा करून कथेचे पुनर्लेखन करवून घेत, तेवढी सवड हाताशी ठेवावी. नकारही वेळेवर कळवावा, म्हणजे ती कथा त्याच हंगामात दुसरीकडे देता येते. जाहिरातदाराने स्वतःची कविता पाठवलीच, तर ती त्याच्या जाहिरातीच्या चौकटीत छापावी.