पाटी वाचून नको, विचारून जा

प्रश्न : ताई, नमस्कार. लग्नाला अकरा वर्षं झाली. माझं माहेर बार्शीचं, सासर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात सगळे तेलुगू बोलतात. मिस्टरांचे सोळा यंत्रमाग होते, टॉवेलचं काम. गेल्या वर्षी त्यातले दहा विकावे लागले. तेव्हापासून ते रात्री दोन-अडीचला उठतात आणि गच्चीवर जाऊन बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. मी काही विचारलं की एकतर गप्प, नाहीतर ताट सरकवून उठतात. आमचं बोलणं आता दुधाचं बिल आणि मुलाची फी एवढंच उरलंय. नणंद टेक्सासला असते. ती म्हणते, ‘वहिनी, लायसन्स असलेला कौन्सेलरच बघ.’ इथे एका पाटीवर ‘विवाह समुपदेशन, दहा बैठकांत खात्रीशीर फरक’ असं वाचून फोन केला. आधी १५ हजार भरा म्हणाले. लायसन्सचं विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडे तीन सर्टिफिकेटं आहेत.’ कुणाकडे जाऊ?

उत्तर : पैसे भरले नसतील तर भरू नका. माणसाला न बघता, त्याचं काही न ऐकता ‘खात्रीशीर फरक’ कुणालाच देता येत नाही, आणि जो देतो म्हणतो तो नेमका कुणावर उपचार करणार आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

तुमची नणंदबाई सांगते ते तिच्या गावापुरतं अगदी बरोबर आहे. टेक्सासमध्ये ‘लायसन्स्ड प्रोफेशनल कौन्सेलर’ हा राज्याचा परवाना आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं, परीक्षा लागते आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ३००० तास काम करावं लागतं. नाव टाकलं की परवाना चालू आहे की नाही ते कुणालाही बघता येतं. आपल्याकडे निव्वळ ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायला असा एक सरसकट परवाना नाही. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी केंद्राने कायदा केला, त्यात समुपदेशकही येतात. पण त्याची घडी नीट बसेपर्यंत पाटी रंगवणाऱ्याला कुणी अडवत नाही. म्हणून पारख तुम्हालाच करावी लागते.

ती करता येते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एम.डी. किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. चाचण्या आणि बोलून करायचे उपचार हे त्यांचं काम. त्यांना १९९२च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. तो नंबर मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव जुळतंय का, मुदत संपली नाही ना, हे बघा. बाकीचे समुपदेशक मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यातली एमएसडब्ल्यू ही पदवी केलेले असतात. त्यांच्यात फार चांगली माणसं आहेत, मी त्यांच्याकडे लोकांना आवर्जून पाठवते. पण तिथे नंबर बघून भागत नाही, माणूस बघावा लागतो.

आता तुमच्या घरचं. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा गच्चीपाशी थांबले. पहाटे दोनला तुटणारी झोप, निम्मं जेवण, चिडचिड, आणि हे सगळं कित्येक महिने. हे नवराबायकोचं भांडण म्हणून बघू नका. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, ताट सरकवण्यातून दिसतं. तेव्हा विवाह समुपदेशक नंतर, मानसोपचारतज्ज्ञ आधी. खाजगी परवडत नसेल तर आपल्या सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. मिस्टरांना ‘तुमचं डोकं तपासायला जाऊ’ म्हणू नका. ‘झोप लागत नाही, डॉक्टरांना दाखवू’ म्हणा. त्यात खोटं काहीच नाही.

आणि आज रात्रीच एक करा. ते गच्चीवर गेले की तुम्हीही जा, शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘जगणं नकोसं होतं का तुम्हाला?’ असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट इतके दिवस एकट्याने उचललेलं ओझं कुणीतरी पाहिलं, एवढ्यानेही माणूस बोलायला लागतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका, दिराला उठवा आणि सकाळ होण्याची वाट न बघता दवाखान्यात न्या. फोनवरून मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. रात्री-अपरात्री फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं तसं तेलुगूतही.

तेलुगूचं मी मुद्दाम म्हणते. पुढे दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायची वेळ येईल, तेव्हा फोनवर पहिला प्रश्न भाषेचा विचारा. माणूस व्यवहार कुठल्याही भाषेत करतो, पण माग विकल्याच्या दिवशी काय वाटलं ते त्याला आईच्याच भाषेत सांगता येतं. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी असं सगळं समजणारी माणसं मिळतात. विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न : तुमचं शिक्षण काय, कुठून, आणि जोडप्यांसोबत किती वर्षं काम केलंत? तिसरा : माझ्या नवऱ्याने तुम्हाला एकट्याने सांगितलेलं तुम्ही मला सांगणार का, आणि माझं त्यांना? याचं उत्तर पहिल्याच बैठकीत, दोघांसमोर, स्पष्ट मिळायला हवं. फी दर बैठकीची विचारा. आणि ‘तुमच्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता?’ हेही विचारा. चांगल्या माणसाला हा प्रश्न आवडतो. त्याच्याकडे दोन-तीन नावं तयार असतात. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

माझ्याकडून हे विचारायचं राहिलं होतं. १९९८ सालची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची झोप उडाली होती. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. कुणीतरी एक नाव सुचवलं आणि मी भावाला घेऊन गेले. भिंतीवर सोनेरी चौकटीत मोठं प्रमाणपत्र होतं. मी चौकट पाहिली, आतलं वाचलं नाही. शुक्रवारी भाऊ त्या गृहस्थांशी तासभर बोलला. रविवारी एका लग्नात अक्षता पडायच्या आधीच मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘पोराचं हे काय ऐकतोय?’ त्यानंतर चार वर्षं भाऊ कुणाकडेच गेला नाही. तो कागद सहा आठवड्यांच्या कोर्सचा होता, हे मला पुढे या विषयाचा अभ्यास करायला लागल्यावर कळलं. त्या चार वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

एक शेवटचं, तुम्ही लिहिलेलं नाही तरी विचारते. ताट सरकवणारा हात कधी तुमच्यावर उठला आहे का? तसं असेल तर दोघांनी एकत्र बैठकीला बसू नका. खोलीत तुम्ही खरं बोलाल आणि त्याची किंमत घरी मोजाल. आधी एकट्या भेटा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तीही लिहून ठेवा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, होटगी रोडला राहतो. समुपदेशकाकडे गेलो तर ते आईबाबांना कळवतील का?

उत्तर : नाही. तुला १८ पूर्ण आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र त्यांना कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते कुणाला सांगतील हे तू पहिल्याच दिवशी ठरवून घेऊ शकतोस. फी जड जात असेल तर विद्यार्थ्यांना सवलत आहे का विचार; बरेच जण देतात. व्हिडिओवर बोलणार असशील तर घरात दार लावायला जागा नसते हे मला माहीत आहे. माझ्याकडे येणारा एक मुलगा सकाळी साडेसहाला इयरफोन घेऊन कंबर तलावाच्या काठी बसायचा. त्या वेळी तिथे फिरायला येणारे आपापल्या गप्पांत असतात.